रविवारची शिकारबंदी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १७९४ साली ‘दुर्गुण आणि अनीती’ रोखण्यासाठी एक कायदा केला. रविवारी कामधंदा केला, खेळ मांडला किंवा शिकार केली, तर चार डॉलर दंड. रविवार हा देवाचा वार, एवढे कारण तेव्हा पुरेसे होते.

पुढे रविवारी बेसबॉल सुरू झाला, दुकानेही उघडली. शिकारीवरची बंदी मात्र टिकली. कोल्हा, कायोटी आणि कावळा यांना तिचे संरक्षण नव्हते, हरणांना होते.

१९६१ मध्ये मेरीलँडच्या दुकानबंदीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशा कायद्यांचे मूळ धार्मिक असले, तरी आज त्यांचा हेतू सर्वांना एक सामाईक विश्रांतीचा दिवस देणे हा आहे. देवाची जागा विश्रांतीने घेतली आणि खरा प्रश्न पुढे आला : विश्रांती कोणाची? आठवडाभर कामावर जाणारा शिकारी म्हणतो, माझ्या दोन मोकळ्या दिवसांतला एक तुम्ही काढून घेता. रानात फिरणारा म्हणतो, मुलांना घेऊन निर्धास्त हिंडायला एक तरी दिवस असू द्या.

पेनसिल्व्हेनियाने २०१९ च्या कायद्याने तीन रविवार खुले केले आणि २०२५ मध्ये बंदीच उठवली. मेन राज्यात मात्र १८८३ पासूनची बंदी कायम आहे. तिथली बहुतेक जंगले खासगी मालकीची. मालकाने मनाईची पाटी लावली नसेल, तर शिकाऱ्याने आत जावे, अशी जुनी रीत. तिच्यामागे एक अलिखित करार आहे : सहा दिवस तुमचे, एक आमचा. बंदी उठली तर पाट्या लागतील, असे जमीनमालक बजावतात. २०२१ मध्ये या राज्याच्या संविधानात अन्नाचा हक्क आला. त्याच्या आधारे एका जोडप्याने बंदीला आव्हान दिले. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वन्यप्राण्यांच्या शिकारीला सातही वार जवळपास बंदीच. पण रविवारचे मोल आपल्याला परके नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये तो मिळवला. प्रत्येकाला आठवड्यातून कुठलीही एक सुट्टी मिळाली की भागते, की सर्वांनी एकाच दिवशी थांबण्याला काही वेगळा अर्थ आहे? मेनमधले जमीनमालक दुसऱ्या बाजूचे आहेत. बंदुकीचा आवाज एकाने केला, तरी शांतता साऱ्या रानाची मोडते.