उत्तनचे डोल जाळे : मासेमारी साधनाच्या निवडीचा विचार

मासेमारीचे साधन निवडताना मासा, पाणी आणि प्रयोजन या तिन्हींचा एकत्रित विचार करावा लागतो. हौसेने मासे धरणाऱ्यास खाडीकाठी आखूड, लवचीक काठी पुरते. खुल्या किनाऱ्यावरून गळ दूर फेकावयाचा तर लांब काठी लागते. मीरा-भाईंदरच्या पश्चिमेकडील उत्तन, चौक, पाली येथील मच्छीमारांपुढे मात्र हाच प्रश्न उपजीविकेचा म्हणून उभा राहतो. प्रस्तुत लेखात तेथील डोल जाळ्याच्या संदर्भात त्याचे विवेचन केले आहे.

डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे जाळे होय. ते माशाचा पाठलाग करीत नाही. पाण्यात स्थिर बांधलेल्या या जाळ्याचे तोंड प्रवाहासमोर असते आणि भरती-ओहोटीचे पाणीच मासळी आत लोटते. मुंबईच्या उत्तरेकडील समुद्रात प्रवाह जोरकस असतो. बोंबील, जवळा यांसारखे जीव त्याविरुद्ध फारसे टिकाव धरू शकत नाहीत. त्यामुळे डोल ही निवड केवळ रूढीतून नव्हे, तर पाण्याच्या दीर्घ निरीक्षणातून झाली असे म्हणावे लागेल. उधाणाला जाळे चांगले चालते. भांगाला प्रवाह मंदावतो, तसे ते निष्प्रभ होते.

पापलेटसाठी वापरले जाणारे कल्ल्यात अडकविणारे जाळे याहून भिन्न आहे. त्याच्या आसातून लहान मासा निसटतो, फार मोठा आत शिरत नाही. विशिष्ट आकाराचाच मासा अडकतो. डोलीत अशी निवड जवळजवळ होत नाही. तिचा आस तोंडाशी मोठा व शेवटच्या खोळीत अतिशय बारीक असतो. जवळा हवा तर खोळ बारीकच हवी, आणि खोळ बारीक असली की पापलेटची पिल्लेही अडकतात. खरा पेच येथेच आहे. खोळीचा आस चौकोनी ठेवल्यास तो ताणाखाली उघडा राहतो, तर नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस मिटतो. परंतु मोठ्या चौकोनी आसातून जवळाही जातो, आणि तो तोटा मच्छीमाराच्याच पदरी पडतो.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला व त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरविले. मात्र खोळीतून होडीवर आलेली पिल्ले बहुधा मेलेलीच असतात. त्यामुळे डोलधारकास या नियमाचे पालन मासळी निवडताना नव्हे, जाळे विणतानाच करावे लागते.