कच्चे घर, पक्के घर

घराला आपण सर्रास दोन विशेषणे लावतो, कच्चे आणि पक्के. 'पक्का' हा शब्द 'पक्व' या संस्कृत शब्दावरून आला. पक्व म्हणजे पिकलेले, शिजलेले, भाजलेले. तेव्हा भाजलेल्या विटेचे घर ते पक्के आणि न भाजलेल्या मातीचे ते कच्चे, एवढाच याचा साधा अर्थ असावा. पण शब्द एका जागी थांबत नाहीत. आज कच्चे म्हणजे गरिबाचे, मागासलेले. आणि पक्के म्हणजे सिमेंटचे, स्लॅबचे, अब्रूचे. जनगणनेतही गवत, बांबू आणि माती यांच्या भिंती तात्पुरत्या साहित्यात मोडतात. माझे म्हणणे असे, की घराचे पक्केपण साहित्यात नसते, ते साहित्य वापरणाऱ्याच्या जाणतेपणात असते. आणि हा जाणतेपणा आपल्या ठाणे जिल्ह्यातून झपाट्याने नाहीसा होत आहे.

मुरबाड-शहापूरकडे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जे गेले असतील त्यांनी कारवीचे घर पाहिले असेल. कारवी हे सह्याद्रीतले झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या सरळ काठ्या खांबांच्या मधल्या जागेत उभ्या लावून आडव्या कामट्यांना बांधल्या, की कूड तयार होतो. त्यावर दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस यांचा गिलावा. भिंत जेमतेम दोन-तीन इंच जाडीची! मग कोकणच्या पावसात ती टिकते कशी? उत्तर भिंतीत नाहीच, ते छपरात आणि जोत्यात आहे. छप्पर चहूबाजूंनी इतके खाली उतरवलेले असते की पावसाचा मारा कुडापर्यंत पोहोचत नाही. आणि जोते उंच असते, म्हणून जमिनीची ओल वर चढत नाही. स्लॅब दिवसभर तापून रात्रभर उष्णता खाली सोडतो. इथे तो त्रास नाही. कूड वारा येऊ देतो, दमट हवेतली ओल शोषतो आणि कोरड्या हवेत परत सोडतो. शिबिरात एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारले, "बाबा, कोणते घर बरे?" ते म्हणाले, "पोरा, कुडाच्या घरात झोप लागते, पर पोराला बायको स्लॅबच्या घरात मिलते." यावर आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते.

ज्या वारली चित्रांचा आपल्याला अभिमान वाटतो तीही याच कुडावरची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जाई. १९७० नंतर हे चित्र कागदावर आले आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र दिवाणखान्यात पोहोचले. त्याच्या भिंतीची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही.

मातीच्या घरांचा मी आंधळा भक्त नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तिथल्या भिंती जाडजूड दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर माळवदाचे मणामणाचे ओझे. गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती चढे. अशा घराने जीव घेतला, आणि 'माती नको' हा धडा महाराष्ट्राच्या मनात पक्का बसला. वस्तुतः दोष भाराचा आणि जोडणीचा होता. त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्यूरोने भूकंपात टिकणाऱ्या मातीच्या घरांसाठी संहिता काढली. छप्पर हलके ठेवा, भिंतींना आडवे पट्टे घाला, दारे-खिडक्यांना मर्यादा ठेवा, असे तीत सांगितले आहे. आणि सिमेंटचे काय? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली. ती काही कारवीची नव्हती.

'पक्क्या' घराचा आणखी एक हिशेब आपण मांडत नाही. मुंब्रा आणि कल्याण दोन्हीकडे रेतीबंदर नावाची जागा आहे; नावावरूनच कळते, खाडीचा तळ कुठे गेला ते. भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे पावसाळ्यातली उचल फेडण्यासाठी अख्खा हंगाम राबतात. सिमेंटसाठी चुनखडक सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. साधा चुना ९०० अंशांच्या आसपास तयार होतो आणि भिंतीवर सुकताना हवेतला कर्बवायू थोडाफार परत घेतो.

हे सारे पुन्हा शिकायचे कोणाकडून? एकटा हौशी माणूस मातीचे घर बांधू लागला की गवंडी मिळत नाही, मिळाला तर ऐकत नाही, आणि अभियंता सही करत नाही. म्हणूनच व्यावसायिकांचा समूह लागतो. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविद चाळीसच्या दशकात मुंबईत गांधीजींना भेटले. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरातील साहित्यातून व्हावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर सांभाळला. पण तो केरळात रुजला याचे श्रेय मला एकट्या बेकरांना द्यावेसे वाटत नाही. १९८५ साली तिथे 'कॉस्टफोर्ड' ही संस्था निघाली, तिने वास्तुविद आणि गवंडी यांना एकाच कामावर आणले, आणि २००७ साली बेकर वारले तरी काम थांबले नाही. आपल्याकडेही असा प्रयत्न आहे. डहाणूजवळच्या मुरबाड गावात (आपल्या मुरबाड तालुक्याशी त्याचा संबंध नाही, डहाणू २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये) 'डिझाइन जत्रा' नावाचा तरुण वास्तुविदांचा गट आहे. शहरात कार्यालय न थाटता गावात बसून तो माती, बांबू, चुना यांची कामे स्थानिक कारागिरांबरोबर करतो. मला यात महत्त्वाचे हे वाटते, की पदवीधराची सही आणि कारागिराचा हात एकाच घराच्या मागे उभे राहतात. मुलीकडची मंडळी घर पाहायला आली, तर त्या सहीला वजन असते.

डोंबिवलीच्या सात मजली इमारतीत कूड घालता येणार नाही, हे उघड आहे. तिथे गोष्टी लहान आहेत: गच्चीला पांढरा चुना, शिशाचे प्रमाण तपासून घेतलेला रंग (२०१६ च्या नियमांनी ही मर्यादा दशलक्षात ९० भाग ठरवली आहे), कल्याणच्या जुन्या गावठाणात वाडा पाडला जात असेल तर त्याचे सागवान जळणात न घालवता पुन्हा वापरणे. खरी निकड मात्र मुरबाड-शहापूरला आहे. घरकुल योजनेत स्थानिक साहित्याला मज्जाव नाही. पण अंदाजपत्रक करणाऱ्याला स्लॅबच येतो, म्हणून स्लॅबच होतो. कूड बांधणारे बाबा सत्तरीचे आहेत आणि सारवणाऱ्या बाईचा रोज कोणत्या रकान्यात लिहायचा, हे त्या कागदावर मला सापडले नाही.