चालू आवर्तनात बदलणारा ताल

अल्गोरेव्ह या नृत्यमैफलीत नाचणाऱ्यांसमोरच्या भिंतीवर प्रोग्रॅमच्या ओळी झळकत असतात. कलाकार एक ओळ बदलतो, कळ दाबतो आणि संगीत तिथल्या तिथे वळण घेतं. पडदा लोकांना दिसलाच पाहिजे, हा 'टॉपलॅप'चा आग्रह. असं लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांची ही संघटना 2004 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला उभी राहिली.

या मंडळींचं लाडकं साधन म्हणजे टायडल सायकल्स. इंग्लंडचे संगीतकार आणि प्रोग्रॅमर अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी ते हॅस्केल या फंक्शनल भाषेत घडवलं. त्यात काळ आवर्तनांनी मोजतात. अवतरणचिन्हांत चार शब्द लिहिले की आवर्तनाचे चार समान भाग पडतात; सात लिहिले की तेवढ्याच वेळात सात. तबल्याचे ध्वनिनमुने भरून ठेवले असतील, तर 'धी ना धी धी ना ती ना धी धी ना' एवढं लिहून झपतालाचा ठेका सुरू करता येतो. एखाद्या 'ना'च्या जागी चौकटी कंसात 'ति र कि ट' घातलं, तर चारही अक्षरं त्या एका मात्रेत बसतात.

हॅस्केलची निवड हौसेपुरती नाही. टायडलमधला ताल म्हणजे ठोक्यांची साठवलेली यादी नव्हे, ते फंक्शन आहे. त्याला कालखंड द्यायचा; त्यात काय वाजायचं ते उत्तर देतं. म्हणून तालाला 'रेव्ह' लावलं की उलटा ताल मिळतो, 'फास्ट' लावलं की जलद, आणि मूळ ताल शाबूत राहतो. 'एव्हरी 3 रेव्ह' म्हटलं की दर तीन आवर्तनांतलं एक उलटं वाजतं. किती वेळ, हे आधी ठरवावं लागत नाही. लागेल तेवढंच मोजलं जातं. लिहिताना चूक झाली तर नवी ओळ नाकारली जाते, आधीचा ताल मात्र अखंड चालू राहतो. भर मैफलीत हा आधार फार मोलाचा!

अवतरणचिन्हांत ताल लिहिण्याच्या या पद्धतीची एक मुळी थेट लखनौला जाते. मॅक्लीन यांना ती सुचली बर्नार्ड बेल यांच्या 'बोल प्रोसेसर'वरून. 1980 च्या दशकात बेल आणि जिम किपेन यांनी तो लखनौ घराण्याच्या तबल्यातल्या 'कायदा' या रचनाप्रकाराचं व्याकरण मांडण्यासाठी रचला. संगणकाने बोलांच्या नव्या रचना काढायच्या, उस्तादांनी त्या बरोबर की चूक ते सांगायचं, मग नियम सुधारायचे.

2022 पासून 'स्ट्रूडल' या साधनामुळे टायडलची ही लिपी ब्राउझरमध्येच चालते. काही इन्स्टॉल करावं लागत नाही.