अफगाण चर्च, मुंबई

अफगाण चर्च हे मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यातील नेव्ही नगर परिसरात असलेले प्रोटेस्टंट पंथाचे चर्च आहे. त्याचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ असे आहे. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात आणि सिंधमधील मोहिमांत मरण पावलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून ते बांधण्यात आले. बांधकामास १८४७ मध्ये प्रारंभ झाला व ७ जानेवारी १८५८ रोजी मुंबईचे बिशप जॉन हार्डिंग यांच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये रुजलेली गॉथिक पुनरुज्जीवन शैली मुंबईत आणणाऱ्या आरंभीच्या महत्त्वाच्या वास्तूंमध्ये या चर्चची गणना होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शाह शुजा यास काबूलच्या गादीवर बसवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये अफगाणिस्तानवर स्वारी केली. या मोहिमेत मुंबई इलाख्याच्या फौजेची तुकडी सर जॉन कीन यांच्या नेतृत्वाखाली सिंधमार्गे गेली. सुरुवातीस यश मिळाले. परंतु १८४१ च्या अखेरीस काबूलमध्ये उठाव झाला आणि जानेवारी १८४२ मध्ये कंपनीच्या फौजेला शहर सोडावे लागले. सुमारे ४,५०० सैनिक व १२,००० बाजारबुणगे बर्फाच्छादित खिंडींतून जलालाबादकडे निघाले. थंडी, उपासमार आणि हल्ले यांत हा तांडा जवळजवळ नष्ट झाला. १८४३ मध्ये कंपनीने सिंध जिंकला व पुढे तो मुंबई इलाख्यास जोडला. या मोहिमांशी मुंबईचा असा थेट संबंध असल्याने मृतांचे स्मारक या शहरात उभे राहिले. कुलाब्यात लष्करी छावणी असल्याने तेथील सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी उपासनास्थळाची गरजही होती. स्मारक आणि उपासना हे दोन्ही हेतू या वास्तूत एकत्र आले.

बांधकाम

इंग्लंडहून मागवलेला आधीचा आराखडा फार खर्चिक ठरल्याने तो बाजूला ठेवण्यात आला आणि मुंबईतील अभियंते हेन्री कॉनिबेअर यांचा आराखडा स्वीकारला गेला. मुंबईस नळाने पाणी पुरवणाऱ्या विहार तलावाच्या योजनेशीही कॉनिबेअर यांचे नाव निगडित आहे. पवित्रीकरण झाले तेव्हा मनोऱ्यावरील शिखर अपुरे होते. निधीची तूट भरून काढण्यास पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी साहाय्य केले व १८६५ मध्ये शिखर पूर्ण झाले. ख्रिस्ती उपासनास्थळाच्या शिखराला पारशी व्यापाऱ्याचा हातभार लागावा, ही घटना तत्कालीन मुंबईतील सार्वजनिक दानाच्या परंपरेची द्योतक आहे.

वास्तुरचना

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील अनेक धर्मशास्त्री व वास्तुविशारद असे मानू लागले की, चर्चसाठी मध्ययुगीन गॉथिक शैलीच योग्य होय. खेडोपाडी असलेली तेराव्या-चौदाव्या शतकांतील पॅरिश चर्चे, म्हणजे एखाद्या वस्तीची स्थानिक उपासनामंदिरे, हा त्यांचा आदर्श होता. १८३९ मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेल्या कॅम्डेन सोसायटीने या मताचा जोरदार पुरस्कार केला. ग्रीक-रोमन धर्तीचे स्तंभ आणि त्रिकोणी दर्शनी भाग असलेली चर्चे त्यामुळे मागे पडू लागली. अफगाण चर्च या बदलाचे फलित आहे.

चर्चचा आराखडा लांबट आहे. मध्यभागी भाविकांच्या बैठकीचे उंच मध्यदालन, त्याच्या दोन्ही अंगांना कमी उंचीच्या ओवऱ्या आणि पूर्वेच्या टोकाला वेदीकक्ष अशी त्याची मांडणी आहे. टोकदार कमानींच्या रांगा मध्यदालनास ओवऱ्यांपासून वेगळे करतात. भाल्याच्या पात्याप्रमाणे अरुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या खिडक्या हे आरंभीच्या इंग्रजी गॉथिक शैलीचे ओळखचिन्ह येथेही दिसते. मनोरा व शिखर मिळून उंची सुमारे ६० मीटर (१९८ फूट) भरते. कुलाब्याच्या चिंचोळ्या भूभागावर उभे असलेले हे शिखर बंदराकडे येणाऱ्या जहाजांना दुरून दिसत असे.

रूप इंग्रजी असले तरी बांधकामाचे बरेचसे साहित्य भारतीय आहे. बाहेरील भिंतींना कुर्ल्याच्या खाणीतील फिकट पिवळसर दगड लावला आहे. आतील खांब व कमानींसाठी, कोरीवकामास सोयीचा असा मऊ पोरबंदरी दगड वापरला आहे. छप्पर सागवानी लाकडाचे आहे.

अंतर्भाग

जमिनीवरील नक्षीदार फरशा इंग्लंडहून आणल्या होत्या. फरशा, बाके, वेदीकक्षाचा पडदा व स्मारकाचे कुट्टिमचित्र यांचे आरेखन विल्यम बटरफिल्ड यांचे आहे. लंडनमधील ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट हे चर्च आणि ऑक्सफर्डचे केबल कॉलेज यांमुळे ते प्रसिद्ध आहेत. दगड, विटा व फरशा यांच्या मूळ रंगांतूनच भिंती व जमीन सजवणे हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य होते. पूर्व व पश्चिम बाजूंच्या मोठ्या खिडक्यांतील रंगीत काचचित्रे इंग्लंडमधील काचचित्रकार विल्यम वेल्स यांच्या कार्यशाळेतील आहेत. मनोऱ्यातील आठ घंटांचा संच जॉन टेलर या इंग्रज ओतकाम कंपनीने घडवला असून तो १९०४ चा आहे.

स्मारकलेख

चर्चमधील संगमरवरी फलकांवर मृत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कनिष्ठ हुद्देदार व साधे सैनिक यांच्याविषयी मात्र लेखात एवढेच म्हटले आहे की, त्यांची संख्या नोंदवता येणार नाही इतकी मोठी होती. तलवारीइतकाच रोगराईचाही उल्लेख त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून आहे. छावणीबरोबर चालणारे नोकर, हमाल, उंटवाले व त्यांची कुटुंबे यांचा लेखात निर्देश नाही. काबूलहून निघालेल्या तांड्यात मात्र त्यांचीच संख्या सर्वाधिक होती. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकण व देश या भागांतील शिपाई मोठ्या प्रमाणात होते. त्यामुळे हे फलक त्या काळी कोणाच्या मृत्यूची नावानिशी नोंद होत असे व कोणाच्या नाही, याचाही पुरावा ठरतात.

वारसा व संवर्धन

मूळचे अँग्लिकन असलेले हे चर्च आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या अखत्यारीत आहे. अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकत्रीकरणातून हा धर्मसंघ १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झाला. मुंबईच्या वारसा यादीत चर्चचा समावेश पहिल्या श्रेणीत होतो.

समुद्रालगतच्या खाऱ्या व दमट हवेने पोरबंदरी दगड झिजतो, तर पावसाळ्यातील गळतीचा धोका लाकडी छपराला असतो. रंगीत काचांना धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्याही काळाने सैल होतात. त्यामुळे वास्तूस नियमित देखभालीची गरज भासते.

मुंबई उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई मनोरा व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या शहरातील सुप्रसिद्ध गॉथिक वास्तू अफगाण चर्चनंतर पूर्ण झाल्या. पुढे या शैलीत भारतीय घुमट, जाळ्या व स्थानिक पशुपक्ष्यांची शिल्पे मिसळली गेली. अफगाण चर्चमध्ये तो संकर नाही. इंग्रजी पॅरिश चर्चचे रूप येथे जवळजवळ जसेच्या तसे आढळते. म्हणूनच मुंबईतील गॉथिक शैलीचा पुढील प्रवास समजून घेण्यासाठी ते उपयुक्त ठरते.