हसदेवकाठचा शीतसमुद्र

सैबेरियाच्या उत्तर सरहद्दीवर, याकुतियाच्या मुलखात, ओयोगोस यार नावाचा निर्जन किनारा आहे. त्याचे गोठलेल्या मातीचे कडे उन्हाळ्यात वितळतात, लाटा त्यांचा पाया पोखरतात, आणि ढासळलेल्या चिखलातून मॅमथांचे सुळे, अस्थी, क्वचित त्वचा-केसांसह सबंध देहच उघडा पडतो. 2010 साली मिळालेल्या ‘युका’ नामक अल्पवयीन मादीचा तर मेंदूही टिकून राहिला होता.

1955च्या करारान्वये सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या आश्रयाने भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये ज्या मराठी कुटुंबांचे संसार रुजले, त्यांना रशियाचे अप्रूप नाही; परंतु सैबेरियाच्या त्या हिमयुगाहून कितीतरी पटींनी प्राचीन अशा शीतसमुद्राचा तळ आपल्याच छत्तीसगढात, मनेंद्रगढजवळ हसदेव नदीच्या काठी उघडा पडला आहे, ही वार्ता अद्याप घरोघर पोचलेली नाही, याची मला मनस्वी खंत वाटते.

सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी दक्षिण गोलार्धात, गोंडवन महाखंडाचा भाग होऊन हिमाच्छादित होती. तो हिमस्तर वितळू लागला तेव्हा समुद्राची पातळी चढून त्याचा एक अरुंद फाटा या प्रदेशात शिरला, आणि त्याच्या गाळात शिंपले व समुद्रकमळे चिरनिद्रित झाली. 1954 साली एस. के. घोष यांनी हे जीवाश्म प्रथम उजेडात आणले. 1982 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्या स्थळास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला.

यांतील युरिडेस्मा हा जाड कवचाचा शिंपला मला सर्वांत मोलाचा वाटतो. थंड, उथळ पाण्यात वाढणाऱ्या या जीवाचे अवशेष ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना येथेही सापडतात. आजचे विस्तीर्ण, उष्ण महासागर ओलांडून तो सर्वत्र पोचला असे मानण्यापेक्षा या भूमी एके काळी परस्परांस लागून होत्या असे मानणेच सयुक्तिक, आणि त्या सिद्धान्ताच्या बाजूने हा मूक जीव साक्ष देतो. मॅमथच्या सुळ्यांना हस्तिदंताचा भाव मिळतो, म्हणून माणसे ते हुडकत उत्तरेस जातात; हसदेवच्या शिंपल्यांना बाजार नाही, तथापि हौसेखातर हातोडीने फोडून नेलेला एकेक तुकडा म्हणजे या दप्तरातील फाडलेले एकेक पान होय.

ज्यांना याच हिमाचा दाखला महाराष्ट्रातच पाहावयाचा असेल, त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील इरईकडे वळावे: तेथील प्राचीन चुनखडकावर बर्फाने रेटलेल्या दगडांचे समांतर ओरखडे उमटलेले असून, भूगर्भखात्याच्या फेड्डन यांनी त्यांचा वृत्तांत 1875 सालीच प्रसिद्ध केला आहे.