लेकराचे डोळे पिवळे : प्रत्येक वेळी लिव्हर खराब नसते

लेकराचे डोळे पिवळे दिसले की आपल्या इतवारीच्या वस्त्यांत पहिला शब्द निघतो, 'कावीळ'. मग कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतो, कुणी पथ्याच्या नावाखाली लेकराला अर्धपोटी ठेवतो. पण डोळे पिवळे होण्याची कारणे अनेक आहेत. त्यातली दोन एकाच मुलात सापडू शकतात. त्यांची माहिती आम्ही देत आहोत.

पहिले, गिल्बर्ट सिंड्रोम. फ्रान्सच्या डॉ. गिल्बर्ट यांनी 1901 मध्ये त्याचे वर्णन केले. रक्तातल्या लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि लिव्हर ते बाहेर टाकते. गिल्बर्टमध्ये हे काम जन्मापासून मंद असते. लिव्हर खराब होत नाही, आजार दुसऱ्याला लागत नाही, औषधही लागत नाही. उपास, ताप, पाणी कमी पिणे किंवा फार दमणे यांमुळे डोळे पिवळे होतात आणि काही दिवसांत आपोआप उतरतात. हात धुतल्यावर पाणी पिवळे दिसते, ती आंब्याच्या सालीची आणि चुन्याची करामत असते.

दुसरे, सिकलसेल. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले होते. आपल्या समाजातही हा आजार बराच आढळतो. यात लाल पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटतात.

आता दोन्ही एकत्र आले तर? मोरीत पाणी जास्त आणि निचरा मंद, अशी गत होते. डोळे जास्त पिवळे दिसतात आणि लहान वयातच पित्ताशयात खडे होऊ शकतात.

म्हणून डोळे पुन्हा पुन्हा पिवळे होत असतील तर डॉक्टरांना बिलिरुबिनचे दोन्ही भाग, लिव्हरची तपासणी, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीबद्दल विचारा. मेयो आणि डागा ही सरकारी रुग्णालये आपल्याला जवळ आहेत. मूल सिकलसेलचे निघाले तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करा. गिल्बर्ट आहे म्हणून सिकलसेलचे औषध मात्र बंद करू नका.

घरी काय करावे? लेकराला उपाशी ठेवू नका, उन्हाळ्यात वारंवार पाणी पाजा. या दोन गोष्टी दोन्ही आजारांत उपयोगी आहेत.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा : ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, पोट फुगणे, एकदम फिके पडणे, चहासारखी लघवी, पांढरट शौच, किंवा मूल सुस्त पडणे.

शेजारच्या आयाबायांनाही हे वाचून दाखवा.