पिशवी काढण्याआधी कागदांची पिशवी उघडा

मानेवाडा चौक ओलांडून दक्षिणेकडे निघाले की बेसा लागते. नागपूर ग्रामीण तालुक्यातले हे गाव आता गाव म्हणावे की शहर, असा प्रश्न पडतो. शेते होती तिथे ले-आऊट पडले, ले-आऊटवर फ्लॅट उभे राहिले, शेजारच्या पिपळ्याला जोडून नगर पंचायतही झाली. नागपूरचे मेडिकल इथून जवळ, मिहानमधले एम्सही फार लांब नाही. पण रस्ता झाला आणि दवाखाना जवळ आला म्हणून दुखणे वेळेवर डॉक्टरपर्यंत पोहोचतेच असे नाही. बायांचे पाळीचे दुखणे तर नाहीच नाही.

पाळीत पोट धरून लोळणाऱ्या पोरीला देण्याची उत्तरे आपल्या भागात ठरलेली आहेत. "पोट त साऱ्याच बायांचं दुखते, तुह्यंच काही नवीन आहे का?" हे पहिले. "लगन झालं का बंद होते," हे दुसरे. लग्नानंतरही थांबले नाही तर "एक लेकरू झालं का सारं नीट होते." आणि लेकरू झालेच नाही, की हीच मंडळी विचारतात, "इतके वर्षं काय केलं? डॉक्टरले दाखवलं का नाही?"

या चार वाक्यांत बाईची दहा-बारा वर्षे निघून जातात. त्यामागे लपलेल्या एका आजाराचे नाव आहे एंडोमेट्रिओसिस. नाव जड आहे, पण आजार दुर्मीळ नाही. मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो, जगात हा आकडा जवळपास १९ कोटी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बचत गटात वीस बाया बसल्या असतील, तर त्यात एक-दोघींना तो असू शकतो.

दुखणे कशाचे?

गर्भपिशवीच्या आत एक अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते आणि पाळीच्या वेळी गळून पडते. या आजारात तशाच प्रकारचे अस्तर पिशवीच्या बाहेर वाढते. कधी बीजकोशावर, कधी गर्भनळीवर, पिशवीच्या मागे, आतड्यावर, तर कधी लघवीच्या पिशवीवर. महिन्याच्या चक्राप्रमाणे तेही सुजते, त्यातूनही रक्त येते. पिशवीतले रक्त बाहेर पडते, याला मात्र वाटच नसते. मग आतल्या आत सूज राहते, व्रण पडतात आणि एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. बीजकोशात जुने रक्त साठले की त्याची गाठ होते. रंग काळपट तपकिरी, म्हणून डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात.

पाळीत थोडेफार पोट दुखणे वेगळे. पण शाळा बुडते, रोजी बुडते, गोळी घेऊनही उठवत नाही, पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येते, नवऱ्याजवळ जाताना आत खोल दुखते, ही लक्षणे साधी नाहीत. शेवटचे लक्षण तर बाई आईलाही सांगत नाही आणि डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाहीत.

साधी सोनोग्राफी चांगली आली म्हणजे आजार नाही, असेही नाही. गाठ असेल तर ती दिसते, पण पोटाच्या पडद्यावरचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार आता प्रत्येकीला त्यासाठी दुर्बीण घालण्याची गरज उरलेली नाही. लक्षणे, तपासणी आणि चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात. तरीही जगभर या आजाराचे निदान होईपर्यंत कित्येक वर्षे जातात.

पिशवी काढणे हे उत्तर नाही

खेड्यापाड्यांत पोटदुखीच्या बाईला एक निदान हमखास मिळते, "पिशवीले सूज आहे." त्यापुढची पायरी म्हणजे "काढून टाका, कटकट मिटते." ही कटकट किती सहज मिटवली जाते हे बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड मजूर बायांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या साऱ्यांना हाच आजार होता असे कोणी म्हणणार नाही. पण दुखण्याचे कारण न शोधता अवयवच काढण्याची वाट आपल्याकडे किती रुळलेली आहे, ते या आकड्यांतून कळते.

एंडोमेट्रिओसिसमध्ये तर मुळात आजार पिशवीच्या बाहेर असतो. पिशवी गेली तरी बाहेरचे डाग राहिले तर दुखणे राहू शकते. आणि जिला मूल हवे आहे, तिचे तर सारेच संपते.

मूल हवे तर घाई आणि सबुरी, दोन्ही

हा आजार आहे म्हणजे मूल होणारच नाही, हा समज आधी काढून टाकावा. कितीतरी जणींना आपोआप दिवस जातात. अडचण मात्र येऊ शकते. नळ्या चिकटतात, सुजेमुळे बीज आणि शुक्रजंतू यांची गाठ पडणे कठीण होते, गाठीमुळे बीजकोशाचा साठा कमी होतो.

इथे बाईपुढे खरा पेच उभा राहतो. दुखणे थांबवणारी संप्रेरकांची औषधे बीज तयार होण्याचे चक्रच थांबवतात किंवा दिवस जाण्यात अडथळा आणतात. म्हणजे ती चालू असेपर्यंत मूल होत नाही, आणि मुलासाठी ती बंद केली की दुखणे परत येते. "आधी सहा महिने हे औषध घ्या, मग दिवस जाण्याची शक्यता वाढेल," असे पूर्वी सांगत. त्याचा मूल होण्यासाठी फायदा होत नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. तितकेच स्पष्ट हेही झाले आहे की मूल होणे हा या आजाराचा इलाज नव्हे. बाळंतपणानंतर काही काळ आराम पडतो, पण आजार पुन्हा डोके वर काढू शकतो. केवळ दुखणे थांबावे म्हणून पोरीचे लग्न लवकर लावणे किंवा सुनेला लेकरासाठी घाई करणे हा औषधोपचार होत नाही.

ऑपरेशनचेही तसेच आहे. आजार थोडा असेल तर दुर्बिणीने डाग काढल्यावर आपोआप दिवस जाण्याची शक्यता काहीशी वाढते. परंतु चॉकलेट सिस्ट काढताना तिच्यासोबत बीजकोशाचा चांगला भागही थोडा निघतो. बीजांचा साठा बाई जन्माला येतानाच घेऊन येते, त्यात नंतर भर पडत नाही. म्हणून पहिल्या ऑपरेशनचा विचार नीट करावा आणि दुसऱ्याचा दहादा. ऑपरेशनपूर्वी एएमएच नावाची रक्ततपासणी करून साठ्याचा अंदाज घेता येतो. ती झाली नसेल तर बाईने स्वतःहून विचारावे.

पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने वर्षभर आणि त्यापुढच्या वयाच्या बाईने सहा महिने वाट पाहून तपासणीला जावे, असा साधारण नियम आहे. एंडोमेट्रिओसिस आधीच ठाऊक असेल तर एवढेही थांबू नये.

जुना आजार लपवू नका

विदर्भात या प्रश्नाला आणखी गाठी आहेत. पहिली सिकलसेलची. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचे निरीक्षण १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, तेव्हापासून नागपूर भागातले त्याचे प्रमाण वैद्यकाला माहीत आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी संघटना उभी केली. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली असून तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते.

सिकलसेल पीडित बाईला पाळीच्या दिवसांत सिकलच्या कळाही येतात. त्यामुळे पोटातले प्रत्येक दुखणे "हे तुह्यं सिकलचंच आहे" म्हणून त्याच खात्यात जमा होते आणि दुसरा आजार दडून राहू शकतो. उपचारातही फरक पडतो. सिकलसाठी हायड्रॉक्सियुरिया घेत असेल तर दिवस जाण्याआधी सुमारे तीन महिने ते थांबवायला सांगतात, पण ते डॉक्टरच्या सल्ल्याने, मनाने नव्हे. भूल देताना, बीजे वाढवण्याची इंजेक्शने देताना वेगळी काळजी लागते, कारण अशा बाईच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. नेहमीची दुखणीची गोळीही मूत्रपिंडाचा विचार करून द्यावी लागते. बाई फक्त वाहक असेल तर हा त्रास सहसा नसतो. मात्र नवराही वाहक असेल, तर प्रत्येक खेपेला मूल पीडित असण्याची शक्यता चारात एक. म्हणून नवऱ्याची तपासणी दिवस जाण्याच्या आधी व्हावी.

दुसरी गाठ क्षयाची. क्षय फुप्फुसांतच होतो असे नाही, तो गर्भनळ्या आणि गर्भपिशवीतही बसतो, अनेकदा खोकला किंवा ताप न दाखवता. आपल्या देशात मूल न होण्याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. त्याची लक्षणे एंडोमेट्रिओसिससारखी दिसू शकतात. सीए-१२५ ही रक्ततपासणी तर दोन्ही आजारांत वाढलेली येऊ शकते, तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. लहानपणी क्षयाचे औषध झाले असेल, घरात कोणाला क्षय असेल, तर ते सांगितलेच पाहिजे. सासरी कळेल या भीतीने पुष्कळ जणी ते गिळून टाकतात. क्षयाचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि तो आधी पूर्ण करावा लागतो.

तिसरी गाठ जुन्या ऑपरेशनची. अपेंडिक्स, सिझर, आधीची गाठ, यांतले काहीही झाले असेल तर पोटात चिकटलेपणा असू शकतो. सिझरच्या टाक्याजवळ गोळा असून तो पाळीतच फुगत आणि दुखत असेल, तर तोही एंडोमेट्रिओसिसच असू शकतो.

एकटीची तपासणी अपुरी

मूल होत नाही म्हटले की बाईची वारी सुरू होते, नवऱ्याची वर्षानुवर्षे होत नाही. वीर्याची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, तिला सुईसुद्धा लागत नाही. दोष पुरुषात असण्याचे प्रमाणही मोठे आहे. बाईच्या पोटात दुर्बीण घालण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट फाईलला लागलेला असावा, एवढा आग्रह घरातल्या मोठ्या माणसांनी धरला तरी पुष्कळ फरक पडेल.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेव्हा ती नवलाई होती. आज नागपुरात आयव्हीएफच्या पाट्या जागोजागी आहेत. त्याच परळच्या संस्थेत आता एंडोमेट्रिओसिसवर संशोधन चालते. नळ्या खराब असतील, वय वाढले असेल किंवा बीजांचा साठा उतरला असेल तर आयव्हीएफ ही खरी मदत ठरते. पण एका फेरीचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि यशाची हमी कोणी देऊ शकत नाही. हमी देणाऱ्यापासूनच सावध राहावे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. शेत विकण्याआधी किंवा दागिने मोडण्याआधी नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पूर्ण खर्चाचा लेखी अंदाज मागावा.

पिशवीत काय असावे?

डॉक्टर बदलला की आपल्याकडे कागदही बदलतात. जुने रिपोर्ट माळ्यावर, माहेरी किंवा चुलीत. या आजारात मात्र जुना कागद हाच अर्धा इलाज आहे. पहिल्या ऑपरेशनमध्ये कोणता बीजकोश, गाठ केवढी, नळ्या मोकळ्या होत्या की नाहीत, हे डिस्चार्ज कार्डात आणि ऑपरेशनच्या नोंदीत असते. ते हाती नसेल तर नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि त्याची किंमत बाई पैशाने नि वयाने मोजते. आधी काय झाले, आता काय आहे आणि पुढे काय आधी करायचे, हा क्रम चुकला की एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराला बाधते.

म्हणून एका पिशवीत एवढे असू द्यावे. सगळ्या सोनोग्राफी तारखेप्रमाणे. ऑपरेशनची नोंद आणि तुकडा तपासल्याचा रिपोर्ट. दोघांचे सिकलसेलचे कार्ड. क्षय, थायरॉइड, साखर, रक्तदाब यांचे कागद. नवऱ्याचा रिपोर्ट. चालू असलेल्या आणि बंद केलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. आणि एक साधी वही, पाळी कधी आली, किती दिवस दुखले, कुठे दुखले, काम किती दिवस बुडले. शाळकरी पोरीनेही ही वही ठेवावी. तोंडाने सांगताना लाज वाटते ते वहीत लिहून पुढे करता येते. आशाताईंना सांगितले तर पाळीची वही ठेवायला त्याही मदत करतील.

मूल झाले तर आनंदच. नाही झाले तरी त्या बाईचे दुखणे खरेच असते आणि त्याला इलाज लागतोच, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे. कूस उजवली नाही म्हणून तिची गोळी, तिची तपासणी आणि तिचा आराम बंद होता कामा नये. पुढच्या वेळी घरातली पोर पाळीत पोट धरून बसली, तर "साऱ्याच बायांचं दुखते" एवढे म्हणून उठू नका. किती दिवसांपासून दुखते, एवढे तरी तिला विचारा.